निळ्या रंगाखाली काळं रबर: ५३,३०० रुपयांना पडलेले इंटरकूलर बूट

आधीच सांगतो, मी नवखा नाही. अकरा वर्षं डिझेल गाड्या वापरतोय. होज क्लिप स्वतः आवळतो, टर्बोची शिट्टी जराशी बदलली तरी मला कळते. तरी फसलो. त्यामुळे ‘एवढंही कळलं नाही का’ असं विचारायचं असेल तर आधी पूर्ण वाचा.

गाडी ट्यून केलेली आहे, बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, ३२ पीएसआयपर्यंत जातो. ही तापलेली हवा वाटेत इंटरकूलरमध्ये थंड होते, आणि तिथले पाइप जोडणाऱ्या लवचिक नळ्यांना बूट म्हणतात. मूळचे रबरी बूट चढावर अ‍ॅक्सिलेटर दाबला की फुगायचे, म्हणून सिलिकॉनचे घ्यायचे ठरवले. विक्रेता फोनवर पाऊण तास बोलला. पाच थर, आत अ‍ॅरामिडचं (उष्णता सोसणाऱ्या धाग्याचं) कापड, ऑइलला न दाद देणारं अस्तर, स्टेनलेसचे टी-बोल्ट क्लॅम्प (बोल्टने आवळायचे पट्टे). टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी हवा १५० अंशांच्या वर जाते, तिथे पॉलिस्टरच्या कापडाचा बूट नको, अ‍ॅरामिडचाच हवा, हेसुद्धा त्यानेच मला सांगितलं. आणि ते खरं आहे! खोटा माल विकणारा माणूस माहिती मात्र अचूक देत होता, मग संशय कशाचा घ्यायचा?

४ बूट, ८ क्लॅम्प, १४,८०० रुपये. यूपीआयने भरले. पावतीवर दुकानाचं नाव एक, खातं भलत्याच माणसाचं, जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. ‘बसवलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मात्र ठळक. बसवल्याशिवाय कळणार नाही आणि बसवला की परत नाही, वा!

आता तो क्षण, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. खोका उघडला आणि रबराचा वास आला, सायकलच्या नव्या ट्यूबला येतो तसा. सिलिकॉनला असा वास येत नाही, हे मला माहीत होतं. बूटाच्या कापलेल्या टोकाला कापडाचे थर कड्यांसारखे मोजता येतात, तेही माहीत होतं. इथे चारही बूटांची टोकं निळ्या रंगाने लिंपलेली. बायको शेजारी उभी होती. तिने सहज नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटला आणि खाली काळं दिसलं. ‘अहो, रंग निघतोय याचा.’ मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, ‘साहेब, ते यूव्ही कोटिंग आहे, एक्स्ट्रा दिलंय.’ मी हेच बायकोला ऐकवलं, वर ‘तुला त्यातलं काय कळतं’ असंही म्हणालो. ते वाक्य ती अजून विसरलेली नाही.

त्या दिवशी ब्लेडने एक चकती कापून जाळली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. सिलिकॉन जळून पांढरी राख उरते, रबर काळा धूर सोडून काजळी धरतं. नंतर जाळलीच. काजळी. थर मोजले, दोन. क्लॅम्पही तसेच. पट्ट्यावर डब्ल्यू ४ कोरलेलं, म्हणजे बोल्टसकट सगळा ३०४ स्टेनलेस हवा. माझ्या बोल्टांवर पहिल्या पावसात गंज आला.

बूट बसवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी चढावर टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मागे काळ्या धुराचा लोट, गाडी ओढेना. टर्बोच्या तोंडचा बूट लांबीत फाटला होता. तिथेच थांबायला हवं होतं, कबूल. पण अंधार होता, घरचे सोबत होते, सहा किलोमीटर रेटली. बूस्ट गळत असताना टर्बो तो भरून काढायला मर्यादेबाहेर फिरतो. मी त्याला सहा किलोमीटर तसा फिरवला. टर्बोचं काम ३१,४०० रुपये, टोइंग ४,५००, बूट काढण्या-बसवण्याची मजुरी दोन्ही वेळची मिळून २,६००. बूटांचे धरून ५३,३००. धूर दिसला की पाय उचला, बाकी काही नको.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘फिटिंग चुकलं असेल.’ फिटिंग माझ्यासमोर झालंय. पाइप ब्रेक क्लीनरने पुसले, कारण आत ऑइलचा ओशटपणा राहिला की बूट सुटून येतो. पाइपच्या टोकाला बीड (बूट निसटू नये म्हणून असलेला गोल उंचवटा) होती, क्लॅम्प बीडच्या मागे बसवला, बूट पाइपवर २५ मिमी चढवला. ६३ मिमीच्या पाइपवर ३२ पीएसआय म्हणजे जवळपास ७० किलोचा रेटा. बीड नसेल तर नुसता क्लॅम्प किती धरणार? आणि मुळात बूट निसटला नाही, फाटला. फिटिंग चुकलं तर निसटेल ना!

हेच वाक्य मी पुढे सगळ्यांना सांगत फिरलो. विकणाऱ्या अ‍ॅपच्या मदत केंद्राने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पोलिस चौकीत ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणाले. अर्ज घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडेना. तक्रार कक्षातल्या बाईंनी आधी विचारलं, ‘इंटरकूलर म्हणजे एसी का?’ मग वाहन व्यावसायिक की खाजगी, मग तज्ज्ञाचा अहवाल. अहवाल कोण देतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी थर मोजून दाखवायला तयार होतो, चकती खिशात होती, कोणी हातातसुद्धा घेतली नाही. अठ्ठावीस दिवसांनी मेसेज आला: ‘विक्रेत्याने उत्तर दिले आहे. तक्रार निकाली.’ उत्तर काय दिलंय ते कुठेच नाही. पुन्हा तक्रार केली तर ‘याच विषयाची तक्रार आधी निकाली निघाली आहे’ म्हणून बंद!

आणखी एक मूर्खपणा. विक्रेत्याने ‘तपासणीसाठी’ बूट मागवले आणि मी चारपैकी दोन पाठवले, फाटलेला त्यातच. ते गेले ते गेलेच. पुरावा हातातून सोडू नका, फोटो पाठवा. पैसे भरण्याआधी कापलेल्या टोकाचा फोटो मागा. ‘साहेब, सील पॅक आहे’ म्हणाला तर फोन ठेवा. खात्याचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळत नसेल तरीही ठेवा. ज्यांचा पट्टा नळीत रुततो अशा छिद्रवाल्या पट्ट्याच्या स्क्रू-क्लिपा सिलिकॉनवर लावू नका, त्या कापतात. टी-बोल्टही बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कलाच आवळा, ‘अजून एक आटा’ नको.

परवा तेच फोटो दुसऱ्या नावाने दिसले. तोच निळा, तीच लिंपलेली टोकं, फक्त पाचाचे सहा थर झालेत. दुसऱ्या नंबरवरून टोकाचा फोटो मागितला. लगेच उत्तर आलं, ‘गाडी कुठली आहे, साहेब?’