वाळवी दाखवून पैसे नेले, घरात होते मुंगळे

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, माडी आणि वर कौलं. या पावसाळ्यात एक माणूस घराला वाळवी लागली आहे असं सांगून आमच्याकडून 14,000 रुपये घेऊन गेला. घरात वाळवी नव्हतीच. कोल्हापूरच्या पेठांमधून अशी घरं अजून बरीच आहेत आणि दिवसा त्यांत बहुतेक म्हातारी माणसंच असतात. म्हणून जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

तो आला तेव्हा घरी फक्त माझे सासरे आणि सासूबाई. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, अंगात छापील टी-शर्ट. "पुढच्या गल्लीत काम चाललंय आण्णा, जुन्या घरांची तपासणी फुकट करतोय," म्हणाला. माडीच्या खिडकीखाली रोज थोडा लाकडाचा भुसा पडायचा. सासूबाईंनी तो दाखवला. त्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकली, पोकळ आवाज आला. मग चौकटीमागच्या फटीत हात घातला आणि ओल्या मातीचा एक गोळा बाहेर काढून सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यात पांढरे किडे वळवळत होते. "बघा की आण्णा, पायापर्यंत पोचलीया. आज थांबवली नाही तर माडी खाली येतीया."

ज्यानं आयुष्य या घरात काढलं, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? सासऱ्यांनी कपाटातले पैसे काढून दिले. त्यानं लगेच ड्रिल काढून पुढच्या सोप्यात पाच-सहा भोकं पाडली, लेबल नसलेल्या कॅनमधून पांढरं पाणी ओतलं, चौकटीवर फवारा मारला आणि "सात वर्षांची गॅरंटी" लिहिलेला कागद दिला. त्या कागदावर औषधाचं नाव नाही, परवाना नंबर नाही, पत्ता नाही. पाण्याला वास फिनेलचा.

संध्याकाळी सासूबाईंनी तो मातीचा गोळा कागदावर ठेवून मला दाखवला आणि मला संशय तिथंच आला. माती तांबडी होती, चांगली लालभडक. आमच्या भिंतींची माती पांढरी आणि परड्यातली काळी. तांबडी माती राधानगरी, पन्हाळ्याकडची. वाळवी घराजवळची माती उचलून तिचे बोगदे बांधते, ती काही लांबून माती आणत नाही. गोळा त्या माणसाच्या मुठीतूनच आला होता.

दुसऱ्या दिवशी भुसा पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहिला. लाकडाच्या जाडसर सालपटांत मुंग्यांचे पाय, डोक्याची टरफलं आणि मेलेल्या किड्यांचे तुकडे मिसळलेले. हा मुंगळ्यांचा कचरा. मुंगळे लाकूड खात नाहीत, भिजून मऊ पडलेलं लाकूड पोखरून आत राहायला जागा करतात आणि निघालेला भुसा फटीतून बाहेर टाकतात. वाळवी लाकूड खाऊन टाकते, भुशाचा असा ढीग टाकत नाही. ती लागली असती तर भिंतीवर मातीच्या वाटा दिसल्या असत्या आणि पोखरलेल्या लाकडात माती भरलेली सापडली असती. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी चौकटीची खालची फळी उचकटून दाखवली. आतली पोकळी घासून काढल्यासारखी गुळगुळीत, मातीचा कणसुद्धा नाही, आणि लाकूड इतकं ओलं की नख रुतत होतं. वर एक कौल सरकलेलं, पन्हळ तुंबलेली, पाणी थेट चौकटीवर उतरत होतं. मूळ दुखणं ते. त्या भामट्यानं वर मान करून छपराकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

पंखवाले किडे दिसले की लोक आणखी घाबरतात. तेव्हा एवढंच बघा: मुंगळ्याची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा लांब. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे.

त्याच्या फवाऱ्यानं मुंगळे कमी झाले नाहीत, उलट बिथरून स्वयंपाकघरात आणि देवघरात निघू लागले. फोन केला तर म्हणाला, "औषध मुरायला वेळ लागतो." पुढच्या वेळी म्हणाला, "राणी पायात बसलीया, सगळं घर ड्रिल करायला लागेल, 22,000 होतील." नकार दिल्यावर नंबर बंद.

मग आम्ही घरच्या घरी उपाय केला. मुंगळे जास्त करून रात्री फिरतात, म्हणून दिवे घालवून बॅटरीला लाल कागद लावला आणि त्यांची रांग धरून मागं मागं गेलो. परड्यातल्या शेवग्याची फांदी छपराला टेकली होती, रांग तिच्यावरून येत होती. झाडाच्या जुन्या पोकळ बुंध्यात मुख्य वारूळ, खिडकीत त्याची शाखा. अशा शाखेत राणी नसते, त्यामुळं नुसती खिडकी फवारून काही साधत नाही. खायला घातलेलं औषध राणीपर्यंत पोचावं लागतं. एक कप कोमट पाण्यात चार चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा बोरिक पावडर विरघळवली. पावडर डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलेलं बघूनच घ्या, कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर तीच असते असं नाही. जास्त घालण्याचा मोह आवरा. विष कडक झालं तर मुंगळे वाटेतच मरतात किंवा तोंडच लावत नाहीत. कापसाचे बोळे त्यात भिजवून बाटलीच्या झाकणांत, रांगेच्या कडेला ठेवले. लहान मुलं आणि मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि आसपास दुसरा कसलाही फवारा मारू नका, नाहीतर मुंगळे आमिषाकडं फिरकतच नाहीत.

पहिले काही दिवस गर्दी वाढली, ती वाढायलाच हवी. काही आठवड्यांत रांग विरळ झाली आणि मग बंद पडली. मधल्या काळात फांदी छाटली, कौल बसवलं, पन्हळ साफ केली, चौकटीचा कुजलेला तुकडा कापून सुतारकाकांनी नवा सागवानी जोड दिला. सगळं मिळून त्या 14,000 च्या मानानं फार थोड्यात झालं.

खरी वाळवी असेल तर मात्र हे घरगुती औषध पुरत नाही, जाणता माणूस बोलवावाच लागतो. त्याच्याकडं कीटकनाशक कायदा 1968 खालचा परवाना हवा, आपल्याकडं तो कृषी खातं देतं. परवाना मागा, औषधाच्या डब्यावरचं नाव आणि विषाच्या दर्जाचा रंगीत त्रिकोण स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण फूटफूट अंतरावर भोकं पाडून प्रत्येकात मोजून औषध सोडतात. सोप्यात पाच-सहा भोकं पाडून वाळवीचं काम होत नाही.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला आहे आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली आहे. तो कागद आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवलेत. सासरे अजून म्हणतात, जाऊ दे, पैसे गेले तर गेले. मला ते पटत नाही. तो माणूस तीच तांबडी माती घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभा असणार. मध्यम उंची, गोड बोलणं, आल्याआल्या पाणी मागतो आणि घरातली तरुण माणसं कधी येणार ते बोलता बोलता काढून घेतो. पेठेत कुणाकडं असा आला असेल, तर तुमचाही अर्ज पोलिसांत द्या.