अक्षरगणवृत्त आणि मात्रावृत्त: मुंबईच्या दोन ओळी

गिरगावच्या किनाऱ्यावर सुचलेली ही ओळ पाहा: ‘समुद्रात लाटा किती शांत झाल्या’. हे भुजंगप्रयात नावाचे अक्षरगणवृत्त आहे. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर आणि गुरू म्हणजे दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचे अक्षर; लघु-गुरू-गुरू हा यगण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, चार वेळा येतो, अक्षरे 12 होतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. या वृत्तात दोन लघू लागोपाठ येत नसल्यामुळे ‘दादर’ किंवा ‘लोकल’ हे साधे शब्द, ज्यांच्या शेवटी दोन लघूच आहेत, त्यात कुठेही बसत नाहीत. मुंबईवर लिहू पाहणाऱ्याला ही अडचण फारच जाणवते.

मात्रावृत्तात मात्र लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा मोजून बेरीज जुळवायची असते. ‘दादर लोकल आली, भरली’ ही पादाकुलक या मात्रावृत्ताची ओळ आठ-आठ अशा 16 मात्रांची आहे. ‘भरली’ऐवजी ‘गेली’ घातले तर एक अक्षर कमी होते, पण मात्रा तेवढ्याच राहतात. अक्षरगणवृत्तात असा बदल चालत नाही.

बोलीतली मुंबई पकडायची असेल तर मी मात्रावृत्तच निवडेन. लाटांची संथ, अखंड पुनरावृत्ती मात्र भुजंगप्रयातात अधिक सुंदर ऐकू येते.