सिमवाली गाडी घ्यावी की फोनवर भागवावं?

एकाच मॉडेलचे दोन व्हेरियंट. वरच्यात कंपनीचं ई-सिम बसवलेलं, म्हणजे गाडीला स्वतःचं इंटरनेट; खालच्यात फक्त अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले, म्हणजे आपला फोन गाडीच्या स्क्रीनवर चालवायची सोय. शोरूममध्ये सगळं बोलणं सनरूफवर होतं. मी आधी विचारेन, ही गाडी दिवसभर कोणाशी बोलत असते?

सिमवाली गाडी कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. आपण कुठे गेलो, कुठे थांबलो, ते तिथे साठत जातं. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी राहिल्याचं जर्मनीत बाहेर आलं. त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचा ठावठिकाणा अगदी नेमका कळत होता. मालकांची यात काडीची चूक नव्हती. त्याआधी, २०१५ मध्ये, चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी अमेरिकेत हायवेवर धावणारी जीप चेरोकी घरात बसून, मोबाइल नेटवर्कवरून रोखून दाखवली होती. कंपनीला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या.

फोनवाल्या गाडीला स्वतःचं नेट नसतं. तिच्यात वायरलेसने शिरायचं तर चोराला ब्लूटूथ किंवा वाय-फायच्या टप्प्यात यावं लागतं. गुगलला तुमचं ठिकाण कळतं, पण ते खिशातल्या फोनमुळे तसंही कळत होतं. तिची कमजोरी वेगळी: सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला तर तो सर्व्हिस सेंटरला गेल्याशिवाय सहसा जात नाही, आणि तिथे आपण ऑइल बदलून परत येतो. सिमवाल्या गाडीला बऱ्याचदा घरबसल्या अपडेट मिळतं.

मग कोणती? गाडी शहरातल्या शहरात फिरणार असेल, तर खालचा व्हेरियंट घ्या. घरातलं कोणी रात्री-अपरात्री घाटातून एकटं ये-जा करत असेल, तर मी सिमवालीच घेईन. एअरबॅग उघडल्यावर मदतीला आपोआप जाणारा कॉल मला ठावठिकाण्यापेक्षा मोलाचा वाटतो. तो त्या व्हेरियंटमध्ये आहे ना, एवढं विचारून घ्या.

सेकंडहँड घेताना जास्त जपा. आधीच्या मालकाच्या ॲपमध्ये गाडी तशीच राहिली, तर तुम्ही कुठे आहात हे त्याला दिसत राहू शकतं. काही गाड्यांचं लॉकही तो उघडू शकतो. आरसीच्या कागदांवर सह्या होतानाच त्याच्याकडून ती ॲपमधून काढून घ्या. स्क्रीनमध्ये राहिलेलं फोनबुक दोन्ही प्रकारांत पुसायचं. नवी घेत असाल तर डीलरकडून लेखी घ्या: सिमच्या सेवेची फुकटची वर्षं संपून वर्गणी भरली नाही, तर माहिती जायचीही थांबते का?