आयर्न क्रॉस की माल्टीज: रिंग्जवर जास्त कठीण काय?

जिम्नॅस्टिक्समध्ये टांगलेल्या दोन कड्यांवर, म्हणजे रिंग्जवर, शरीर स्थिर धरायच्या या दोन मुद्रा. माझ्या मते माल्टीज जास्त कठीण, आणि तेही बऱ्याच फरकाने. क्रॉसमध्ये शरीर उभं, हात दोन्हीकडे आडवे. भार पाठ, छाती आणि कोपरांवर. नवख्यांची कोपरं आतून ठणकतात ती इथेच. १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये रिंग्जचं सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत जिम्नॅस्ट अल्बर्ट अझार्यानची तर ओळखच क्रॉस!

माल्टीजमध्ये मात्र अख्खं शरीर रिंग्जच्या उंचीवर जमिनीला समांतर धरायचं. पाय मागे लांबवर, म्हणून खांदे पुढे झुकवावे लागतात आणि त्यांच्यावर प्रचंड ताण येतो. कंबर जरा वर गेली की पंच गुण कापतात. थांबायचं दोन्हीत २ सेकंदच, पण गुणसंहितेत, म्हणजे गुण देण्याच्या अधिकृत नियमावलीत, काठिण्याचे गुण क्रॉसला ०.२, माल्टीजला ०.४. उंच मुलांना माल्टीज फारच जड जातो. त्यांनी आधी क्रॉस पक्का करावा.