गरोदरपणातलं पार्किंग: लाल प्लॅकार्ड, स्टॉर्क पार्किंग की ऑफिसची जागा?

डोहाळजेवणात ओटी भरून झाली, गप्पा सुरू झाल्या की इथे अमेरिकेत हल्ली कोणीतरी विचारतंच, "प्लॅकार्ड घेतलंस का गं?" प्लॅकार्ड म्हणजे हँडिकॅपच्या जागेवर गाडी लावता यावी म्हणून आरशाला अडकवायची पाटी. आणि लगेच दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, सहा डॉलरचं काम, घेऊन टाक. दुसरीचं म्हणणं, धडधाकट बाईने हँडिकॅपच्या जागेवर गाडी लावू नये. दुकानांनी गरोदर बायकांसाठी वेगळ्या जागा ठेवल्यात ना! मी दोन्ही वापरून पाहिलंय, शिवाय ऑफिसातही जागा मागून घेतली होती. राहते बे एरियात, गाडी स्वतः चालवते आणि शेवटचे काही आठवडे सोडले तर कामावर जात होते. तेव्हा माझं मत तेवढ्या चौकटीतलं समजा. ज्यांना रोज कोणी दारात सोडायला आणि दारातून न्यायला असतं, त्यांनी यातलं काहीच नाही घेतलं तरी चालेल.

नुसतं गरोदर असणं कॅलिफोर्नियात प्लॅकार्डला पुरत नाही. डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, आरईजी १९५ या फॉर्मवर चालण्या-फिरण्यात नक्की काय अडचण आहे ते लिहून सही व्हावी लागते. ही सही डॉक्टरांचीच हवी असं नाही. नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट किंवा सर्टिफाइड नर्स मिडवाइफचीही चालते. काही डॉक्टर चटकन करून देतात. काही जण म्हणतात, "चाला की, चालणं चांगलंच आहे," आणि त्यांचंही चूक नाही, कारण गुंतागुंत नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करा असाच अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. राज्यागणिक हे बदलतं, म्हणून मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू होईलच असं नाही. फ्लोरिडात १ जुलै २०२५ पासून गरोदर बायकांसाठी वेगळाच परवाना निघालाय आणि त्यावर हँडिकॅपच्या जागेत गाडी लावता येते. न्यू जर्सीत तात्पुरतं प्लॅकार्ड गावच्या पोलिसांकडून चार डॉलरला मिळतं. आमच्याकडे ते डीएमव्हीकडून सहा डॉलरला. रंग मात्र लाल. कायमस्वरूपीचं निळं असतं.

सही मिळणार नसेल तर प्रश्नच मिटला, स्टॉर्क पार्किंगकडे वळा. बगळ्यासारख्या पक्ष्याचं नाहीतर बाबागाडीचं चित्र असलेली ती पाटी, 'होणाऱ्या आयांसाठी राखीव' वगैरे. फॉर्म नाही, सही नाही, कोणाला काही सांगायचं नाही. तिसऱ्या महिन्यात, पोट दिसत नसताना आणि डोकं सदा गरगरत असताना, मला याच जागा आवडायच्या. पहिल्या तिमाहीत उलट्यांनी बेजार झालेल्या बाईला कोणी प्लॅकार्ड सहसा देत नाही. तिला ही पाटी तेवढी कामाला येते.

पण ही पाटी म्हणजे दुकानदाराचा चांगुलपणा. मागे कायदा नाही. कोणी अठरा वर्षांचा मुलगा तिथे गाडी लावून आत बसून बर्गर खात असला तर त्याला तिकीट लागत नाही. आपण फार तर त्याच्याकडे बघू शकतो. शिवाय या जागा मोठ्या चेन दुकानांत आणि मॉलमध्ये दिसतात. आपल्याला जायचं असतं इंडियन ग्रोसरीत, तेही शनिवारी संध्याकाळी, जेव्हा मेथीच्या जुड्या संपायच्या आत पोचायचं असतं. तिथे ट्रॉल्यासुद्धा पार्किंगच्या जागेत उभ्या असतात. स्टॉर्कची पाटी कुठली असायला!

तरीही मी या जागांना नावं ठेवली नसती. माझं घोडं अडलं ते गाडीच्या दाराशी.

प्लॅकार्डबद्दल कोणीही बोलायला लागलं की अंतराबद्दल बोलतं. किती चालावं लागतं, किती वाचतं. मला अंतराचं फारसं काही वाटत नव्हतं. सातव्या महिन्यात माझं पुढचं हाड दुखायला लागलं, दोन्ही जांघांच्या मधलं, ज्याला इथले डॉक्टर प्युबिक सिम्फिसिस म्हणतात. सपाट जमिनीवर हळूहळू चालले तर जमायचं. एक पाय आत, एक पाय बाहेर असं झालं की मात्र डोळ्यांसमोर काजवे. पँट घालताना, अंगावरची चादर लाथाडताना आणि सगळ्यात जास्त गाडीत चढता-उतरताना. फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते असं: गुडघे एकमेकांना चिकटवायचे, आधी सीटवर पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकली की वळायला सोपं जातं. पिशवी आमच्या घरात ढीगभर. पण हे सगळं करायला गाडीचं दार पूर्ण, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत उघडावं लागतं.

आता हिशेब करा. साधी पार्किंगची जागा साधारण साडेआठ फुटांची. गाडी सहा फुटांची, एसयूव्ही त्याहून रुंद. दोन्ही गाड्या नीट मधोमध लावल्या तरी मध्ये अडीच फूट उरतात, आणि नीट मधोमध कोण लावतं? अडीच फुटांत आठव्या महिन्याचं पोट, अर्धवट उघडलेलं दार आणि जोडलेले दोन गुडघे. स्टॉर्कच्या ज्या जागा मी वापरल्या त्या दुकानाच्या दाराजवळ होत्या, पण रुंदी तीच.

यावर माझा पहिला उपाय होता लांब, मोकळ्या कोपऱ्यात गाडी लावणं. आईने फोनवर तेच सुचवलं होतं, "चालणं होईल गं तेवढंच." उतरताना छान. दोन्हीकडे कोणी नाही, दार सताड उघडं. पण दूध-भाजी घेऊन परत यावं तर कोणीतरी नेमकी माझ्या गाडीला खेटून आपली गाडी लावलेली. बाकी सगळी रांग रिकामी, तरी शेजारीच! हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. उतरायचं कसं हे आपल्या हातात असतं. परत चढायचं कसं हे शेजारचा ठरवतो. एकदा मी उजवीकडच्या दाराने चढून गिअरवरून सरकायचा विचार केला आणि मग तिथेच ट्रॉलीला टेकून त्या गाडीवाल्याची वाट बघत उभी राहिले.

त्या दिवशी मी क्लिनिकला फॉर्मचा निरोप पाठवला.

कारण हँडिकॅपच्या जागेची खरी किंमत तिच्या शेजारच्या पट्ट्यात आहे. कॅलिफोर्नियात जागा नऊ फुटांची आणि लगत निदान पाच फुटांचा तिरक्या रेघा मारलेला पट्टा. त्या रेघांवर कोणीच गाडी लावायची नाही, प्लॅकार्डवाल्यानेही नाही; लावली तर निदान अडीचशे डॉलर दंड. म्हणजे मी दुकानात कितीही वेळ काढला तरी परत येईन तेव्हा त्या बाजूला कोणी नसणार, याची हमी. रांगेच्या टोकाची एखादी जागा सोडली तर अख्ख्या पार्किंगमध्ये ही हमी फक्त तिथेच मिळते. पट्टा कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे, आणि दोन जागांत एक सामायिकही असतो. तो ड्रायव्हरच्या बाजूला येत नसेल तर गाडी रिव्हर्स लावायची. पोट स्टिअरिंगला लागत असताना मागे वळून बघणं जिवावर येतं, पण मागच्या कॅमेऱ्यावर भागतं.

बाकीचे फायदे मला आधी माहीतही नव्हते. रस्त्यावरच्या मीटरला पैसे टाकावे लागत नाहीत. फुटपाथची कड हिरवी रंगवलेली असते, म्हणजे थोडाच वेळ गाडी लावायची जागा, तिथे वेळेची मर्यादा लागत नाही. रहिवाशांसाठी राखलेल्या गल्लीतही गाडी ठेवता येते. लाल, पिवळी आणि माणसं चढवायची-उतरवायची पांढरी कड मात्र नाहीच. आणि हॉस्पिटलच्या किंवा खासगी गॅरेजच्या फाटकावर नेहमीसारखेच पैसे घेतात, तिथे प्लॅकार्ड दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. सोनोग्राफी, शुगरची चाचणी, नॉन-स्ट्रेस टेस्ट अशा चकरा शहरात असतील तर एकट्या मीटरमध्येच सहा डॉलर वसूल होतात. पण तेवढ्यासाठी घ्या असं मी म्हणणार नाही.

त्रास म्हणाल तर दोन. एक, कागद. माझ्या क्लिनिकच्या काउंटरवर फॉर्म बरेच दिवस पडून राहिला आणि परत आला तेव्हा मुदतीची तारीखच रिकामी होती. फॉर्म हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचावा, एवढं त्यातून शिकले. टपालाने पाठवता येतो किंवा डीएमव्हीत नेऊन देता येतो.

दुसरा त्रास मनाचा. व्हीलचेअरवाला माणूस येईल आणि जागा माझ्यामुळे गेलेली असेल, हा विचार मला सुटला नाही. सुटावा असंही वाटत नाही. म्हणून मी व्हॅनसाठीची, जास्त रुंद पट्ट्याची जागा कायम सोडत असे आणि ज्या दिवशी बरं असेल, पार्किंग अर्धं रिकामं असेल, त्या दिवशी रांगेच्या टोकाची साधी जागा घेत असे, जिथे ड्रायव्हरच्या बाजूला फुलझाडांचा वाफा असतो आणि शेजारी कोणी येऊच शकत नाही. जाड जॅकेट घातलेलं असलं की लोक टक लावून बघतात तेही आहेच. एका आजींनी विचारलं, "यू लुक फाइन, डिअर?" मी जॅकेट उघडून दाखवलं. त्यांनी माझी ट्रॉली नेऊन ठेवली.

ऑफिसची जागा हा तिसरा पर्याय, आणि याबद्दल आपल्या मुली मागायलाच लाजतात. पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला २७ जून २०२३ पासून गरोदर कर्मचाऱ्यांच्या रास्त सोयी कराव्या लागतात, प्रेग्नंट वर्कर्स फेअरनेस अॅक्ट म्हणून कायदा आहे, आणि सरकारने दिलेल्या उदाहरणांत जवळचं पार्किंग स्पष्ट येतं. मी एचआरला दोन ओळींची ईमेल केली, जागा मिळाली. लिफ्टजवळ, शंकू ठेवून राखलेली, आणि खांबाला लागून! दार उघडलं की खांब. बदलून मागितली तेव्हा रांगेच्या टोकाची दिली आणि ती मात्र उत्तम होती. तेव्हा मागताना "जवळची" म्हणू नका, "दार पूर्ण उघडेल अशी" म्हणा. रोजचं जाणं-येणं तेवढंच असेल आणि बाजारहाट नवरा करत असेल तर एवढ्यावर भागू शकतं. व्हीलचेअरवाल्या कोणाची जागाही अडत नाही, म्हणून मनाला हे सगळ्यात हलकं. फक्त ऑफिसबाहेर उपयोग शून्य.

तर कोणी काय घ्यावं? काहीच दुखत नसेल तर प्लॅकार्डच्या मागे लागू नये असं मला वाटतं, मिळत असलं तरी. स्टॉर्कच्या जागा वापरा, चाला. दुखणं कमरेत-जांघेत असेल, सायटिका असेल, डॉक्टरांनीच हालचाल कमी करायला सांगितली असेल आणि गाडी स्वतः चालवत असाल, तर मी लाल प्लॅकार्डकडे झुकेन. जुळं असेल तर लवकरच झुकेन.

केव्हा घ्यायचं यावर मात्र थोडा विचार करा. तात्पुरतं प्लॅकार्ड जास्तीत जास्त १८० दिवसांचं, किंवा फॉर्मवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. चौथ्या महिन्यात हौसेने घेतलं तर ऐन बाळंतपणाच्या सुमारास संपतं आणि नूतनीकरणासाठी पुन्हा सही, पुन्हा काउंटर. सातव्याच्या आसपास घेतलं तर बाळंतपणानंतरचे आठवडेही त्यात बसू शकतात. सिझेरियन झालं तर टाके ओढत मागच्या सीटवर बाळाची कार सीट बसवताना तो पाच फुटांचा पट्टा पुन्हा आठवतो. तिथपर्यंतची तारीख टाकता येईल का, हे सही घेतानाच विचारून ठेवा. दुखणं नंतरही राहील की नाही हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे डॉक्टर नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि बाळंतपणाला आलेल्या आईचे गुडघे दुखतात म्हणून नवऱ्याने तुमचं प्लॅकार्ड आरशाला अडकवून तिला देवळात न्यायचं नाही. तुम्ही गाडीत असाल तरच ते चालतं; गैरवापराला २५० ते १००० डॉलर दंड आहे. गाडी चालवताना आरशावरून काढून ठेवायचं, उभी केल्यावर लावायचं, आणि त्याबरोबर आलेली पावती पर्समध्ये ठेवायची. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला. "लेकीचं आहे ना, मग आईला का नाही?" असं तिचं म्हणणं होतं. शेवटी नवऱ्याने तिला देवळाच्या दारात पांढऱ्या कडेला उतरवलं आणि स्वतः गाडी लावायला पुढच्या गल्लीत गेला.