गॅरंटी की पीपीव्हीचा वाटा: कॅनेलो आणि मेवेदर

बॉक्सिंगमधे पैसे कसे मागायचे, आधीच ठरलेली रक्कम म्हणजे गॅरंटी की पीपीव्हीचा (पे-पर-व्ह्यू, प्रेक्षक एकेका फाइटसाठी टीव्हीवर वेगळे पैसे भरतात त्याचा) वाटा, याचे दोन टोकाचे नमुने म्हणजे हे दोघं बॉक्सर. कॅनेलो अल्वारेझने 2018 मधे डॅझोन या स्ट्रीमिंग कंपनीशी 11 फाइट्सचं 36.5 कोटी डॉलर्सचं डील केलं, म्हणजे लोक बघोत न बघोत आकडा ठरलेला, फायटरला केवढा दिलासा. पण करार त्याच्या प्रमोटर (फाइट्स भरवणाऱ्या) कंपनीमार्फत होता आणि कोविडमधे प्रेक्षकांविना फाइट करायची वेळ आली तेव्हा पैशावरून वाद पेटला, 2020 मधे त्याने थेट कोर्टात केस टाकली आणि शेवटी करार मोडून मोकळा झाला.

मेवेदरचं उलट. 2006 मधे 7.5 लाख डॉलर्स भरून तो टॉप रँक या प्रमोटर कंपनीतून बाहेर पडला, नंतर स्वतःची कंपनी काढली आणि पीपीव्हीच्या कमाईत हिस्सा घ्यायला लागला. 2015 ला प्रतिस्पर्धी बॉक्सर पॅकियावशी 60-40 वाटणी ठरवली, एचबीओ आणि शोटाइम ही टीव्ही चॅनेल्स एरवी कट्टर स्पर्धक पण फाइट दोघांनी मिळून दाखवली, अमेरिकेत पीपीव्हीची 46 लाख विक्री झाली आणि एकेका घराला शंभर डॉलर्सपर्यंत मोजावे लागले! पॅकियावने 40 वर हो म्हटलं तेही बरोबरच होतं, एवढा पैसा त्याला दुसरीकडे मिळालाच नसता.

माझं स्पष्ट मत, नाव अजून मोठं झालं नसेल तर गॅरंटीच घ्या, वाट्याच्या नादाला लागू नका. आणि वाटा घेतलात तर हिशोब मागा, अमेरिकेत 2000 च्या अली कायद्याने प्रमोटरला फाइटमधून किती मिळतात ते बॉक्सरला सांगावंच लागतं.