वकिलाचा काळा कोट, पाइपचा वास आणि राजारामपुरीतील एक ड्राय क्लीनर

गेली अनेक वर्षे मी पाइप ओढतो आणि त्याहून अधिक वर्षे काळा कोट घालतो. या दोन गोष्टींचे एकमेकींशी जमत नाही, हे सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून मला फार पूर्वीच कळायला हवे होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले, कोटावर गाऊनही रोजचा झाला आणि धुराला बसायला आणखी कापड मिळाले. एका सुनावणीनंतर शेजारच्या तरुण वकील बाई हसत म्हणाल्या, "सर, तुमच्या आधी तुमचा कोट पोहोचतो." त्याच आठवड्यात मी कोट व गाऊन घेऊन राजारामपुरीतील एका ड्राय क्लीनरकडे गेलो.

पहिली खेप वाया गेली. सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी कपडे मिळाले, इस्त्री कडक होती, कॉलरवरची चमकही गेली होती. पण प्लॅस्टिकचे आवरण काढताच मोगऱ्याचा उग्र दर्प आला. तो दुपारपर्यंत टिकला आणि कोर्टातल्या उकाड्यात घाम येऊ लागताच त्याच्याखालून जुना तंबाखू वर आला. नुसता तंबाखू त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य होता. वासावर वास चढवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे आहे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात घर सांभाळणाऱ्याला त्याचे फळ वेगळे सांगावे लागत नाही.

दुकानदारांची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. तंबाखूच्या धुरात डांबरासारखे तेलकट, चिकट कण असतात. ड्राय क्लीनिंगचे द्रावण ते चांगले विरघळवते. पण त्याच धुरातले पाण्यात विरघळणारे अंश, तसेच अस्तरात मुरलेला घाम, या द्रावणाने नीट निघत नाहीत. त्यातच कोटाचे कापड लोकरमिश्रित असेल तर ते दमट हवेतला ओलावा आणि वास दोन्ही धरून ठेवते, म्हणून जुलैत तोच कोट मार्चपेक्षा अधिक बोलका होतो. निकोटीन अल्कधर्मी असल्यामुळे सौम्य आम्लाशी त्याचा संयोग होऊन पाण्यात सहज विरघळणारा क्षार बनतो, आणि पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून कापड पुसण्याचा घरगुती उपाय निदान या बाबतीत तरी निराधार नाही.

दुसऱ्या खेपेला मी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: सुगंध अजिबात मारू नये, द्रावणात टाकण्याआधी अस्तर व काखेचा भाग व्हिनेगरच्या पाण्याने पुसून वाळवावा आणि शेवटी साध्या इस्त्रीऐवजी वाफ द्यावी. काउंटरवरच्या वयस्क कारागिरांनी सगळे ऐकून घेतले आणि काही न बोलता कोटाचा आतला खिसा बाहेर ओढला. शिवणीत अडकलेला तपकिरी चुरा, राखेचे खडे आणि पाइपच्या भांड्यातून सांडलेला अर्धवट जळका, ओलसर तंबाखू काउंटरच्या काचेवर पडला. "वकीलसाहेब, कोट धुवून काय करायचं? खिशात निम्मी निपाणी भरलीया की!" न्यायालयाच्या आवारात ओढायला मनाई असली तरी सवयीने पाइप माझ्या खिशात असतो आणि इतक्या वर्षांत तो खिसा मी एकदाही उलटा केला नव्हता. (निपाणी विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध, पाइपचा तंबाखू तिथला नसतो, ही दुरुस्ती मी तेव्हा केली नाही.)

या वेळी कोटाला कसलाच वास उरला नाही. नाक अस्तराला लावले तर काखेपाशी अगदी पुसट काही जाणवे, ते दोन दिवस गॅलरीत सावलीत टांगल्यावर गेले. गाऊन पहिल्याच दिवशी स्वच्छ होता. जास्तीच्या कामाचे पैसे घेतले, ते रास्त वाटले. बाहीचे एक बटण मात्र वाफेच्या यंत्रात तडकले आणि ते मी दाखवून दिल्यावरच बदलून मिळाले.

तोंडाच्या वासाला लाँड्री नाही. पाइपचा धूर बहुधा छातीत न घेता तोंडात घोळवला जातो, त्यामुळे तो जिभेवर, टाळ्यावर आणि आमच्याकडच्या पुरुषांच्या बाबतीत मिशीत बसतो. मिशी साबणाने धुतल्यावर पडणारा फरक पुदिन्याच्या चार गोळ्यांनी पडत नाही. तोंड कोरडे पडले की वास वाढतो, म्हणून पाइपबरोबर पाण्याचा तांब्या हवा. जीभ खरवडायला मी तांब्याची पट्टी वापरतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमपान, जीभ साफ करण्याची धातूची साधने आणि त्यानंतर तोंडात धरायच्या लवंग, वेलची, कापूर, विड्याचे पान अशा वस्तू एकाच दिनचर्येत येतात. तंबाखू तेव्हा या देशात नव्हता, पण धूर ओढणाऱ्याच्या तोंडाचा विचार झालेला होता. यातले काहीही तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी करत नाही, हेही माझ्या दंतवैद्यांनी ऐकवलेले आहे.

दुकानाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण बटणाचा आणि एक मोगऱ्याचा कापला आहे. उशिराचे गुण कापलेले नाहीत, कारण तारखेवर तारीख घेणाऱ्या माणसाने ती तक्रार करू नये. काम सांगताना तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे आणि काउंटरवर त्या वयस्क कारागिरांनाच गाठावे. आता पाइप मी चामडी पिशवीत ठेवतो, आणि सकाळी कागद वाचताना ओढतो त्या खोलीतली कोटाची खुंटी काढून ती जिन्यापाशी ठोकली आहे.